सरासरी सत्तर टक्के

टक्केवाऱ्यांची सरासरी काढण्याची सर्वांत लोकप्रिय रीत अशी: हाती असतील तेवढ्या टक्केवाऱ्या एकाखाली एक मांडाव्यात, बेरीज करावी, जितक्या मांडल्या तितक्यांनी भागावे आणि दुसऱ्या कोणी तपासण्याआधी उत्तर मोठ्याने वाचून दाखवावे. ही रीत शाळेत शिकवलेल्या सरासरीसारखीच दिसते, तिला मोबाइलमधला कॅल्क्युलेटर पुरतो आणि उत्तर सहसा वाचणाऱ्याच्या सोयीचे निघते. इतके गुण एकत्र आल्यावर ते उत्तर बरेचदा चुकीचे असते, ही बाब किरकोळ समजली जाते.

चूक नेमकी कुठे होते हे पाहायला सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेइतके सोयीचे ठिकाण नाही. तिथे गणित, भांडण आणि समोसे एकाच वेळी उपलब्ध असतात. समजा, एका संस्थेत तीन विंग आहेत. अ विंगमध्ये ६० सदनिका, ब विंगमध्ये ३६, आणि बागेच्या कडेला क विंग, म्हणजे चार रो-हाउस. आदर्श उपविधींप्रमाणे सेवाशुल्क प्रत्येक सदनिकेला सारखेच येते, त्यामुळे इथे घरे मोजली काय आणि पैसे मोजले काय, फरक पडत नाही. तिमाहीअखेर क विंगच्या चारही घरांनी पैसे भरलेले असतात, म्हणजे १०० टक्के. ब विंगमधून ३६ पैकी २७ जणांनी भरलेले असतात, म्हणजे ७५ टक्के. अ विंगमधून ६० पैकी २१, म्हणजे ३५ टक्के. उरलेल्या ३९ जणांच्या बाथरूममध्ये गळती असते आणि ती थांबेपर्यंत पैसे न देण्याचा त्यांचा तात्त्विक निर्णय झालेला असतो.

सचिव उभे राहतात. शंभर, पंचाहत्तर आणि पस्तीस मिळून दोनशे दहा, भागिले तीन.

"या तिमाहीत आपली सरासरी वसुली सत्तर टक्के झाली आहे."

टाळ्या वाजतात. मागच्या रांगेतून एक आवाज येतो, "मग लिफ्ट का बंद आहे?"

"लिफ्टवाल्याचं बिल द्यायला पैसे कमी पडले."

"सत्तर टक्के वसुली असताना?"

"वसुली सत्तर टक्के आहे हो," खजिनदार हळूच सांगतात, "पैसे बावन्न टक्के आहेत."

खजिनदारांना खाली बसायला सांगितले जाते.

खजिनदारांचे म्हणणे बरोबर असते. शंभर घरांपैकी ४ अधिक २७ अधिक २१, म्हणजे ५२ घरांनी पैसे भरलेले आहेत. वसुली ५२ टक्के. सत्तरचा आकडा येतो, कारण सचिवांच्या गणितात चार रो-हाउसचा आवाज अ विंगच्या साठ सदनिकांइतकाच मोठा झालेला असतो. (या चार घरांना लिफ्टच नाही, हा मुद्दा रो-हाउसवाले प्रत्येक सभेत मांडतात, पण तो वेगळ्या विषयपत्रिकेचा भाग आहे.) टक्केवारी हा मुळात अपूर्णांक असतो. तिला अंश असतो आणि छेदही असतो, फक्त छेद प्रत्येक वेळी शंभर करून घेतल्यामुळे खरा छेद दिसेनासा होतो. चारपैकी चारही शंभर टक्के आणि चार लाखांपैकी चार लाखही शंभर टक्के. कागदावर दोन्ही सारखेच रुबाबदार दिसतात.

लोकप्रिय रीतीची खरी ताकद मात्र पुढच्या सभेत दिसते. तिथे एक होतकरू कार्यकारिणी सदस्य सुचवतो की क विंगची चार रो-हाउस म्हणजे चार स्वतंत्र इमारतीच आहेत, तेव्हा अहवालात त्या क-१ ते क-४ अशा वेगळ्या दाखवाव्यात. आता एकूण विंग सहा. चार वेळा शंभर, एक पंचाहत्तर, एक पस्तीस, बेरीज ५१०, भागिले सहा, सरासरी ८५ टक्के. एक रुपयाही जास्त न येता वसुली पंधरा टक्क्यांनी, ज्यांना 'टक्के' आणि 'टक्के-बिंदू' यांतला फरक कळतो त्यांच्या भाषेत पंधरा टक्के-बिंदूंनी, वाढलेली असते. ठराव एकमताने मंजूर होतो. लिफ्ट बंदच राहते.

बरोबर रीत कंटाळवाणी आहे आणि हेच तिच्या अलोकप्रियतेचे कारण असावे. सगळे अंश मिळवायचे, सगळे छेद मिळवायचे, पहिल्या बेरजेला दुसरीने भागायचे आणि शंभरने गुणायचे. अंश हाताशी नसतील, पण टक्केवारी आणि छेद दोन्ही माहीत असतील, तर प्रत्येक टक्केवारीला तिच्या छेदाने गुणून बेरीज करायची आणि छेदांच्या एकूण बेरजेने भागायचे. वरच्या उदाहरणात १०० गुणिले ४ म्हणजे ४००, ७५ गुणिले ३६ म्हणजे २,७००, ३५ गुणिले ६० म्हणजे २,१००. एकूण ५,२००, भागिले १००, उत्तर पुन्हा ५२. हिला भारित सरासरी म्हणतात. भार कशाचा द्यायचा हे मात्र प्रश्नावर ठरते. त्याच संस्थेत पाणीपट्टी नळांच्या संख्येवर आकारली जाते, तेव्हा पाणीपट्टीच्या वसुलीची सरासरी काढताना घरे मोजून चालत नाही, वसूल व्हायची रक्कम पाहावी लागते. ज्यांनी वास्तुविशारदाच्या सल्ल्याने बाल्कनीतही वॉश-बेसिन बसवले, त्यांचा भार जास्त.

हाच प्रकार दरवर्षी राज्याच्या पातळीवर, समोशांऐवजी पेढ्यांच्या साक्षीने घडतो. दहावीचा निकाल राज्य मंडळ नऊ विभागांत जाहीर करते. २०२४ साली कोकण विभागाचा निकाल ९९.०१ टक्के, कोल्हापूर ९७.४५, पुणे ९६.४४, मुंबई ९५.८३, अमरावती ९५.५८, नाशिक ९५.२८, लातूर ९५.२७, छत्रपती संभाजीनगर ९५.१९ आणि नागपूर ९४.७३ टक्के लागला. या नऊ आकड्यांची बेरीज करून नऊने भागले की ९६.०९ येतात. मंडळाने राज्याचा निकाल जाहीर केला तो ९५.८१ टक्के. मंडळाने काटछाट केली, असा संशय घेणारे काका प्रत्येक घरात एक असतात. प्रत्यक्षात परीक्षा दिलेल्या १५,४९,३२६ नियमित विद्यार्थ्यांपैकी १४,८४,४३१ उत्तीर्ण झाले होते, आणि भागाकार केला की ९५.८१ च येतात. कोकण विभागात विद्यार्थी तुलनेने थोडे आणि निकाल मोठा. साध्या सरासरीत त्या थोड्या विद्यार्थ्यांना मुंबईच्या अफाट संख्येइतकेच वजन मिळते आणि आकडा वर सरकतो. ९६.०९ हा आकडा अगदीच निरुपयोगी नाही. 'सरासरी विभागाने कशी कामगिरी केली' या प्रश्नाचे ते उत्तर आहे. अडचण एवढीच की तो प्रश्न कोणी विचारलेला नसतो.

निकालाच्या आधी घराघरांतून वेगळेच गणित चालते. दहावीला भाषेच्या विषयात ८० गुणांची लेखी परीक्षा आणि २० गुणांचे अंतर्गत मूल्यमापन असते. अंतर्गतमध्ये चिरंजिवांना २० पैकी १८ आहेत, म्हणजे ९० टक्के. शाळेच्या सराव परीक्षेत लेखीला ८० पैकी ४८, म्हणजे ६० टक्के.

"नव्वद आणि साठ, सरासरी पंचाहत्तर. म्हणजे प्रावीण्य श्रेणी," चिरंजीव जाहीर करतात.

"अठरा आणि अठ्ठेचाळीस किती?" आई स्वयंपाकघरातून विचारते.

"आई, तुला सरासरी कळत नाही."

"सहासष्ट होतात. शंभरपैकी. बस अभ्यासाला."

आईला सरासरी कळत नसेलही, पण किराण्याच्या बिलामुळे तिला बेरीज येते, आणि या प्रकारच्या प्रश्नाला बेरीजच लागते. पंचाहत्तर आणि सहासष्ट यांच्यामध्ये नऊ गुण आणि नव्या मोबाइलचे आश्वासन एवढा फरक असतो.

साध्या सरासरीवर अन्याय होऊ नये म्हणून सांगितले पाहिजे की काही ठिकाणी ती अगदी बरोबर असते. सगळे छेद सारखे असले की भारित आणि साधी सरासरी एकच निघते. पाच विषय, प्रत्येकी शंभर गुण, तर पाच टक्केवाऱ्यांना पाचाने भागायला कोणाची हरकत नाही. छेद जवळजवळ सारखे असले तर चूकही जवळजवळ नसते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात पुरुषांची साक्षरता ८८.३८ टक्के आणि स्त्रियांची ७५.८७ टक्के नोंदली गेली. दोन्हींची साधी सरासरी ८२.१३ च्या आसपास येते, तर राज्याची प्रत्यक्ष साक्षरता होती ८२.३४. राज्यात पुरुष थोडे जास्त, म्हणून खरा आकडा पुरुषांच्या बाजूला किंचित झुकलेला.

छेदांमध्ये मोठी तफावत असली की मात्र काय होते, हे क्रिकेटमध्ये पाहावे. फलंदाजाचा स्ट्राइक रेट म्हणजे शंभर चेंडूंमागे धावा, अर्थात टक्केवारीच. सोसायटीच्या मैदानावर एक गृहस्थ ५० चेंडूंत ४० धावा काढतात, स्ट्राइक रेट ८०. शेवटच्या चेंडूवर आलेला अकरावा गडी डोळे मिटून बॅट फिरवतो, चेंडू दुसऱ्या मजल्यावरच्या देशपांडे काकूंच्या कुंडीवर पडतो आणि षटकार ठरतो. त्याचा स्ट्राइक रेट ६००. जोडीची सरासरी ३४०, असे व्हॉट्सअॅपवर लगेच येते. खरी गोष्ट ५१ चेंडूंत ४६ धावा, म्हणजे ९०.२, आणि एक कुंडी.

दुकानांच्या काचेवर लागणाऱ्या 'सरासरी ३० टक्के सूट' या पाटीचा उगमही इथेच आहे. नऊ हजारांच्या शालूवर १० टक्के आणि शंभर रुपयांच्या ब्लाउजपीसवर ५० टक्के सूट, सरासरी तीस. ग्राहकाचे प्रत्यक्षात ९,१०० रुपयांवर ९५० वाचतात, म्हणजे साडेदहा टक्क्यांनाही थोडे कमी. ब्लाउजपीसच घेऊन जाणारी एखादी हिशेबी गिऱ्हाईक निघाली तर मालक तिच्याकडे दुखावलेल्या नजरेने पाहतात.

इथपर्यंत प्रकरण सोपे आहे: छेद बघा, भार द्या, मोकळे व्हा. आता मुतखड्याकडे वळावे लागते.

मुतखड्यावर सल्ला देता येत नाही असा माणूस महाराष्ट्रात दुर्मीळ आहे. कुळथाचे कढण, पाणफुटीची पाने आणि 'माझ्या साडूचा तर आपोआप पडला' या तीन उपचारपद्धतींनंतर रुग्ण शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचतो. १९८६ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये मुतखड्याच्या उपचारांची तुलना करणारा एक अभ्यास छापून आला. त्यातली दोन पद्धतींची आकडेवारी आजही संख्याशास्त्राच्या वर्गात फिरते. पोट किंवा कूस उघडून केलेली शस्त्रक्रिया ३५० पैकी २७३ रुग्णांत यशस्वी झाली, म्हणजे ७८ टक्के. पाठीत छोटे छिद्र पाडून दुर्बिणीने खडा काढण्याची पद्धत ३५० पैकी २८९ रुग्णांत यशस्वी झाली, म्हणजे ८३ टक्के. अंश मिळवले, छेद मिळवले, भागाकार केला. सगळे अगदी नियमाप्रमाणे. छिद्राची पद्धत सरस.

मग कोणीतरी लहान खडे आणि मोठे खडे वेगळे केले. लहान खड्यांत उघडी शस्त्रक्रिया ८७ पैकी ८१ वेळा यशस्वी, म्हणजे ९३ टक्के. छिद्राची पद्धत २७० पैकी २३४ वेळा, म्हणजे ८७ टक्के. मोठ्या खड्यांत उघडी शस्त्रक्रिया २६३ पैकी १९२ वेळा, म्हणजे ७३ टक्के. छिद्राची पद्धत ८० पैकी ५५ वेळा, म्हणजे ६९ टक्के. लहान खड्यांत उघडी शस्त्रक्रिया पुढे, मोठ्या खड्यांतही तीच पुढे, आणि दोन्ही खडे एकत्र केले की ती मागे.

"म्हणजे खडा लहान असेल तर उघडी बरी, मोठा असेल तरी उघडीच बरी," रुग्ण समजून घेऊ पाहतो.

"बरोबर."

"आणि खडा केवढा आहे ते माहीत नसेल तर?"

"तर छिद्राची बरी."

रुग्ण पुन्हा कुळथाच्या कढणाकडे वळतो.

या चमत्काराला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. एडवर्ड सिम्पसन यांनी १९५१ मध्ये त्यावर लेख लिहिला. तत्पूर्वी १९०३ मध्ये यूल यांनीही तो दाखवला होता, पण नाव मिळाले सिम्पसन यांना. यात जादू काही नाही. उघड्या शस्त्रक्रियेच्या वाट्याला मोठे, हट्टी खडे जास्त आले आणि छिद्राच्या पद्धतीकडे लहान, सुस्वभावी खडे गेले. गावातला जो वैद्य फक्त सर्दीचे रुग्ण घेतो, त्याचा गुण हमखास येतो, तसेच हे.

आणि इथे लोकप्रिय रीतीला अनपेक्षित न्याय मिळतो. सचिवांच्या पद्धतीने ९३ आणि ७३ यांची साधी सरासरी काढली तर ८३ येते, ८७ आणि ६९ यांची ७८. उघडी शस्त्रक्रिया पुन्हा पुढे. ही रीत इथे योग्य उत्तराकडे नेते, कारण दोन्ही पद्धतींना लहान-मोठ्या खड्यांचे एकसारखेच वजन दिले गेले. जाणकार हेच काम जरा नीट करतात: एकूण ७०० रुग्णांत लहान खडे ३५७ आणि मोठे ३४३ होते, तेव्हा दोन्ही पद्धतींना तेच वजन लावायचे. तरीही उत्तर जवळपास तेच, ८३ आणि ७८. याला प्रमाणित सरासरी म्हणतात. दोन गटांची तुलना करायची असेल तर दोघांना एकच वजन. एका गटाची एकूण स्थिती सांगायची असेल तर त्याचे स्वतःचे वजन. हे वाचून कोणा सचिवांना आपले सत्तर टक्के बरोबर होते असे वाटू लागले, तर त्यांनी लिफ्टवाल्याला एक फोन करून पाहावा.

काही टक्केवाऱ्या एकमेकींशेजारी नसतात, एकमेकींच्या डोक्यावर उभ्या असतात. त्यांची सरासरी वेगळ्या जातीची. सेलमध्ये '५०% + २०%' लिहिलेले असते तेव्हा गिऱ्हाईक ७० टक्के सूट समजून आत शिरते. शंभराचे आधी पन्नास होतात आणि वीस टक्के त्या पन्नासांचे निघतात, म्हणून हाती येते ६० टक्के सूट आणि न लागणारे दोन जास्तीचे शर्ट. शेअर बाजारात हाच हिशेब महाग पडतो. लाख रुपये पहिल्या वर्षी ५० टक्के वाढतात आणि दुसऱ्या वर्षी ५० टक्के घटतात.

"सरासरी शून्य टक्के. म्हणजे मुद्दल शाबूत," गुंतवणुकीचा सल्ला देणारे साडू सांगतात.

"मग खात्यात पंचाहत्तर हजार का दिसतात?"

"दीर्घ मुदतीत दिसणार नाहीत."

लाखाचे दीड लाख झाले, दीड लाखाचे निम्मे पंचाहत्तर हजार. आधी घट आणि मग वाढ झाली असती तरी तेवढेच उरले असते. इथे टक्क्यांची बेरीज करायची नसते, वाढीच्या गुणकांचा गुणाकार करायचा असतो: १.५ गुणिले ०.५ म्हणजे ०.७५, दोन वर्षे म्हणून त्याचे वर्गमूळ, सुमारे ०.८६६. दर वर्षी सरासरी १३.४ टक्के घट. हा भूमितीय मध्य, आणि म्युच्युअल फंडांच्या माहितीपत्रकात वार्षिक चक्रवाढ वाढीचा दर म्हणून जो दिसतो तो हाच. साडूंच्या माहितीपत्रकात तो नसतो.

शिक्षणक्षेत्राने याहूनही धाडसी प्रयोग केले आहेत. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने दहावीला गुणांऐवजी श्रेणी-गुणांक सुरू केले, तेव्हा त्यांची टक्केवारी करायला ९.५ ने गुणावे असे सांगितले. हे साडेनऊ आले कुठून, तर ९१ ते १०० गुणांच्या गटातल्या आधीच्या विद्यार्थ्यांची सरासरी ९५ च्या जवळ होती, तिला दहाने भागून. वरच्या श्रेणीच्या सरासरीवरून काढलेला गुणक सर्वांना लागू झाला, आणि दहापैकी दहा मिळवणारा हुशार मुलगाही ९५ वरच थांबला. शेजारची कमी हुशार मुलगीही ९५ वर थांबली, त्यामुळे दोन्ही घरांत अस्वस्थता पसरली.

पर्सेंटाइल ही तर टक्केवारीची नुसती नामसाधर्म्य असलेली चुलत बहीण. ती आपल्यामागे किती जण आहेत ते सांगते, किती गुण पडले ते नाही. म्हणून तिची साधी सरासरीही चालत नाही आणि भारितही चालत नाही. जेईई मेनमध्ये एकूण पर्सेंटाइल हे तीन विषयांच्या पर्सेंटाइलची सरासरी नसते, एकूण गुणांवरून ते वेगळे काढले जाते, असे परीक्षा घेणारी संस्था स्वतःच स्पष्ट सांगते. तरीही निकालाच्या रात्री लाखो पालक तीन आकडे मिळवून तीनने भागतात आणि सर्व्हरमध्ये चूक असल्याचे जाहीर करतात. छेद माहीतच नसतील तेव्हा सरासरी काढू नये, सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत मोठा आकडा सांगून थांबावे, असा संख्याशास्त्राचा सल्ला आहे. तो कोणी ऐकल्याची नोंद नाही.

राहता राहिला पूर्णांकात आणण्याचा प्रश्न. नियम एकच आहे: पूर्णांक शेवटी करावा, मधल्या पायऱ्यांवर करू नये, नाहीतर प्रत्येक पायरीवरची बारीक चूक पुढच्या पायरीवर जाऊन बसते. समजा, एका मुलीला दहावीला ५०० पैकी ४४७ गुण पडले, म्हणजे ८९.४० टक्के. वडील ऑफिसात "जवळजवळ नव्वद" सांगतात. आत्या नाशिकला "नव्वद पडले" असे कळवतात. नाशिकहून डोंबिवलीला मावशींकडे जाईपर्यंत "नव्वदच्या पुढे" होतात, आणि पुढे म्हणजे किती या प्रश्नाला मावशी बाणेदारपणे "ब्याण्णव" असे उत्तर देतात. आठवड्याने पेढे घेऊन मुलगी पाया पडायला येते, सोबत गुणपत्रिका असते. मावशी चष्मा लावून ती वाचतात.

"गुणपडताळणीला अर्ज टाकलात की नाही?"

"कशासाठी?"

"कशासाठी काय? ब्याण्णवचे एकोणनव्वद केलेत यांनी!"